टाळेबंदी, रद्द आरक्षणे आणि कसब्यातील भाड्याच्या खोल्या

परगावच्या माणसाला चार रात्रींपासून चार-सहा महिन्यांपर्यंत राहती खोली भाड्याने देणे हा पुण्याच्या मध्यवर्ती पेठांतील जुना जोडधंदा आहे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या महासाथीमुळे तो काही दिवसांतच ठप्प झाला. आरक्षणे रद्द झाली, विद्यार्थी गावी गेले आणि घेतलेली आगाऊ रक्कम कोणाची, हा प्रश्न घरोघरी उभा राहिला. मोठ्या हॉटेलांच्या नुकसानीची चर्चा बरीच झाली; घरातली एखादी खोली देऊन संसाराला हातभार लावणाऱ्यांचा हिशेब मात्र फारसा मांडला गेला नाही. कसबा पेठेच्या संदर्भात त्या काळातील घटनाक्रम, परताव्याचे नियम आणि कायद्याची बाजू यांचा हा आढावा.

पेठ आणि तिचे पाहुणे

कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. ग्रामदैवत कसबा गणपती, लाल महाल, कुंभारवाडा आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेली तांबट आळी या पेठेत आहेत. शनिवारवाडा हाकेच्या अंतरावर आहे. मुठेच्या काठाने वसलेल्या या वस्तीत जुने वाडे, त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारती आणि अरुंद बोळ असे मिश्रण आढळते. खोली भाड्याने देणाऱ्यांत निवृत्त दांपत्ये, एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रिया आणि वाड्याच्या पुनर्विकासात एखादी जादा खोली मिळालेली कुटुंबे यांचा समावेश असतो.

येथे उतरणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग करता येतात. पहिला वर्ग पर्यटकांचा आणि सणासुदीला येणाऱ्यांचा. पुण्याच्या गणेशोत्सवातील विसर्जन मिरवणुकीत पहिला मान कसबा गणपतीचा असल्याने भाद्रपदात या भागातील खोल्यांना मागणी असते. दुसरा वर्ग रुग्णांच्या नातेवाइकांचा. ससून, कमला नेहरू आणि केईएम ही रुग्णालये जवळच असल्याने आठवडा-पंधरवड्यासाठी खोली शोधणारी कुटुंबे इकडे वळतात. तिसरा वर्ग विद्यार्थ्यांचा. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले-मुली पेठांत 'कॉट बेसिस'वर राहतात. एका खोलीत दोन ते चार खाटा, प्रत्येक खाटेचे स्वतंत्र भाडे आणि जेवणासाठी जवळची मेस, अशी ही पद्धत आहे.

पहिल्या दोन वर्गांतील काही व्यवहार गेल्या दशकात एअरबीएनबी, बुकिंग डॉट कॉम यांसारख्या संकेतस्थळांवरून होऊ लागले. तिसऱ्या वर्गाचा व्यवहार मात्र बहुतांशी ओळखीवर, दारावरच्या पाटीवर आणि तोंडी बोलीवरच चालतो. महासाथीत या दोन पद्धतींची परीक्षा दोन वेगळ्या प्रकारांनी झाली.

दहा दिवसांत चित्र पालटले

राज्यातील पहिले करोनाबाधित रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्चला ही महासाथ असल्याचे जाहीर केले. १३ मार्चपासून केंद्र सरकारने पर्यटक व्हिसा स्थगित केले. त्याच दिवशी राज्य शासनाने १८९७ चा साथरोग प्रतिबंधक कायदा लागू करून पुण्यासह काही शहरांतील चित्रपटगृहे, व्यायामशाळा आणि जलतरण तलाव बंद केले. १७ मार्चला केंद्रीय पुरातत्त्व खात्याची सर्व स्मारके बंद झाली. शनिवारवाडा त्यांपैकीच एक. २२ मार्चला आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानसेवा थांबली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली.

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २४ मार्चच्या आदेशाने निवास व्यवसाय बंद केला. मात्र त्यात एक अपवाद होता. अडकलेले पर्यटक व इतर व्यक्ती, वैद्यकीय व अत्यावश्यक सेवेतील कर्मचारी आणि विमान व जहाजावरील कर्मचारी यांना ठेवून घेणारी हॉटेले, होमस्टे आणि लॉज सुरू राहू शकत होते. विलगीकरणासाठी राखून ठेवलेल्या जागांनाही मुभा होती. कागदावर ही सवलत घरगुती यजमानालाही लागू होती. प्रत्यक्षात एकाच जिन्याने वर-खाली करणाऱ्या आणि एका मोरीवर दोन कुटुंबांचा वापर असणाऱ्या वाड्यांत परका माणूस ठेवणे शेजाऱ्यांना मान्य होणे कठीण होते.

त्यातच एप्रिल-मे २०२० मध्ये रुग्णसंख्या मध्यवर्ती भागात झपाट्याने वाढली. भवानी पेठ, ढोले पाटील रस्ता, शिवाजीनगर-घोले रस्ता यांच्याबरोबरच कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयाची हद्दही सर्वाधिक बाधित भागांत गणली गेली. पेठांतील रस्ते पत्रे आणि बांबू लावून बंद झाले. शहराच्या इतर भागांत निर्बंध सैल होऊ लागले, तरी प्रतिबंधित क्षेत्रात ते कायम राहत. त्यामुळे पेठेतील यजमानाला बाणेर किंवा खराडीतील यजमानाच्या तुलनेत अधिक काळ दार बंद ठेवावे लागले.

परताव्याचे गणित

संकेतस्थळावरून खोली देणाऱ्यांना पहिला धक्का १४ मार्चला बसला. १४ मार्च किंवा त्यापूर्वी केलेले आणि १४ मार्च ते १४ एप्रिल या काळात मुक्काम सुरू होणारे आरक्षण पाहुण्याने रद्द केल्यास त्याला पूर्ण रक्कम परत मिळेल, असे एअरबीएनबीने जाहीर केले. पुढे ही मुदत ३१ मेपर्यंत आणि नंतरही टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. कंपनीच्या 'अपवादात्मक परिस्थिती' धोरणाचा आधार त्यासाठी घेण्यात आला. यजमानाने स्वतः निवडलेली रद्द करण्याची अट या निर्णयाने बाजूला पडली.

एरवी यजमानाला लवचिक, मध्यम किंवा कडक यांपैकी एक अट निवडता येत असे. लवचिक अटीत मुक्कामाच्या एक दिवस आधीपर्यंत आणि मध्यम अटीत पाच दिवस आधीपर्यंत रद्द केल्यास पाहुण्याला पूर्ण परतावा मिळे. कडक अटीत आरक्षणानंतरचे पहिले ४८ तास उलटल्यावर आणि मुक्कामाच्या सात दिवस आधीपर्यंत रद्द केल्यास निम्मीच रक्कम परत होई. त्यानंतर काहीच नाही. ज्यांचा महिन्याचा खर्च या उत्पन्नावर अवलंबून होता, ते साहजिकच कडक अट निवडत.

जगभरातील यजमानांच्या नाराजीनंतर ३० मार्च २०२० रोजी कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी ब्रायन चेस्की यांनी यजमानांना पत्र लिहून २५ कोटी डॉलरच्या निधीची घोषणा केली. चीन वगळता इतर देशांतील यजमानांना, १४ मार्च ते ३१ मे या काळातील रद्द मुक्कामांपोटी त्यांच्या अटीनुसार जी रक्कम मिळाली असती तिच्या २५ टक्के रक्कम देण्याचे ठरले. याशिवाय निवडक अनुभवी यजमानांसाठी एक कोटी डॉलरचा मदतनिधी जाहीर झाला.

पंचवीस टक्के हा आकडा ऐकायला बरा वाटला, तरी तो कशाच्या पंचवीस टक्के, हे पाहणे आवश्यक आहे. समजा, दोन हजार रुपये रोजाने पाच रात्रींचे दहा हजार रुपयांचे आरक्षण होते आणि ते मुक्कामाच्या दहा दिवस आधी रद्द झाले. संकेतस्थळाचे शुल्क बाजूला ठेवल्यास कडक अटीनुसार यजमानाला पाच हजार रुपये मिळाले असते. त्याच्या २५ टक्के म्हणजे १,२५० रुपये त्याच्या हाती आले. तोच यजमान मध्यम अटीचा असता, तर त्याला मुळातच काही मिळणार नव्हते; शून्याचे २५ टक्के शून्यच. पाहुण्यांना सोयीची अट देणारे यजमान अशा रीतीने भरपाईच्या बाहेर राहिले.

इतर संकेतस्थळांनी वेगळे मार्ग धरले. बुकिंग डॉट कॉमने अनिवार्य आपत्तीचे कलम लागू करून निवास देणाऱ्यांना परतावा देण्यास सांगितले. अमेरिकेतील वर्बोने निर्णय घरमालकांवर सोपविला आणि किमान निम्मी रक्कम परत करण्याचे किंवा पुढच्या मुक्कामासाठी ती जमा धरण्याचे आवाहन केले. पाहुण्याला पूर्ण दिलासा द्यावा, तर यजमान बुडतो. यजमानाला राखावे, तर पाहुणा दुरावतो. या पेचातून तिन्ही कंपन्यांनी आपापल्या सोयीचा रस्ता काढला.

१४ मार्चनंतर केलेल्या नव्या आरक्षणांना सर्वसाधारणपणे हे संरक्षण नव्हते. त्यांना यजमानाचीच अट लागू होती. साथ माहीत असताना केलेला व्यवहार हा जाणूनबुजून पत्करलेला धोका आहे, अशी यामागची भूमिका होती.

'कॉट बेसिस'चा प्रश्न

विद्यार्थ्यांच्या बाबतीत रद्द आरक्षण असा शब्दच नव्हता. परंतु परिणाम तोच झाला. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्व परीक्षा ५ एप्रिल २०२० रोजी व्हायची होती. ती आधी २६ एप्रिल, मग १३ सप्टेंबर, २० सप्टेंबर, ११ ऑक्टोबर आणि १४ मार्च २०२१ अशी पुढे जात राहिली. ११ मार्च २०२१ रोजी ती पुन्हा पुढे ढकलल्याचे जाहीर होताच पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. अखेर २१ मार्चला परीक्षा झाली. जवळपास वर्षभराच्या या अनिश्चिततेत प्रत्येक नव्या तारखेबरोबर खाटा भरण्याची आशा निर्माण होई आणि प्रत्येक स्थगितीबरोबर ती मावळे.

मार्चमध्ये अनेक विद्यार्थी पुस्तके, गादी आणि ट्रंक खोलीवरच ठेवून आठ-दहा दिवसांसाठी म्हणून गावी गेले. काही पेठांतच अडकले. अडकलेल्यांच्या आंतरराज्य व आंतरजिल्हा प्रवासाचा मार्ग केंद्राच्या २९ एप्रिलच्या आदेशानंतर मोकळा झाला. सामान खोलीत, माणूस गावी आणि भाडे थकलेले, अशा स्थितीत मालकाला ती खाट दुसऱ्याला देता येईना. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहता, न वापरलेल्या खाटेचे भाडे शेतकरी किंवा मजूर आईवडिलांकडून मागायचे कसे, ही अडचण होती.

शासनाने या वादात काही प्रमाणात हस्तक्षेप केला. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २९ मार्च २०२० च्या आदेशात, भाड्याने राहणाऱ्या कामगारांकडून एक महिना भाडे मागू नये आणि कामगार वा विद्यार्थ्यांना जागा सोडण्यास भाग पाडणाऱ्या मालकांवर कारवाई होईल, असे नमूद होते. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिलला भाडेवसुली किमान तीन महिने लांबणीवर टाकण्याच्या आणि भाडे थकले म्हणून कोणाला बाहेर न काढण्याच्या सूचना दिल्या. भाडे माफ करा, असे राज्याने म्हटले नव्हते. ते पुढे ढकला, एवढेच म्हटले होते. हा फरक अनेक ठिकाणी दोन्ही बाजूंच्या लक्षात आला नाही. बहुतेक वाद अखेर अनामत रकमेतून काही महिन्यांचे भाडे वळते करून किंवा निम्म्यावर तडजोड करून मिटविले गेले.

उघडले आणि पुन्हा मिटले

राज्य शासनाने प्रतिबंधित क्षेत्राबाहेरील हॉटेल व लॉज यांना ८ जुलै २०२० पासून ३३ टक्के क्षमतेने सुरू करण्याची परवानगी दिली. एक-दोन खोल्यांच्या घरगुती यजमानाने ३३ टक्के कसे मोजायचे, याला उत्तर नव्हते. पुण्यात तर १४ ते २३ जुलै या काळात पुन्हा कडक टाळेबंदी लागली. जेमतेम आठवडाभराच्या उघडझापीनंतर खोल्या पुन्हा मिटल्या. २ सप्टेंबरपासून पूर्ण क्षमतेला परवानगी मिळाली आणि जिल्ह्याबाहेरच्या प्रवासासाठीची ई-पासची अटही गेली. पण तोवर हंगाम सरला होता. त्या वर्षीचा गणेशोत्सव २२ ऑगस्टला सुरू होऊन १ सप्टेंबरला संपला होता. सार्वजनिक मूर्तींना चार फुटांची मर्यादा होती, मिरवणूक निघाली नाही आणि मानाच्या गणपतींचे विसर्जन मंडपाजवळच साधेपणाने झाले. विसर्जन मिरवणुकीसाठी येणारा पाहुणा त्या वर्षी आलाच नाही. २०२१ मध्येही मिरवणुकीवर बंदी राहिली. निर्बंधमुक्त उत्सव पेठेने पाहिला तो थेट २०२२ मध्ये.

दरम्यान, एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेबरोबर 'ब्रेक द चेन'चे निर्बंध आले. नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा तर २७ मार्च २०२२ रोजीच पूर्ववत झाली. परदेशी पाहुण्यांवर भिस्त असलेल्या यजमानांचा खंड अशा रीतीने दोन वर्षांचा ठरला.

मदत कोणापर्यंत पोहोचली?

रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी कर्जहप्त्यांना तीन महिन्यांची स्थगिती दिली आणि २२ मे रोजी ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढविली. घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढलेल्यांना तिचा उपयोग झाला, तरी व्याज चालूच राहिले. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या आपत्कालीन पतहमी योजनेची व्याप्ती ३१ मार्च २०२१ रोजी आदरातिथ्य क्षेत्रापर्यंत वाढली. परंतु ही योजना आधीचे कर्ज चालू असलेल्या व्यावसायिकांसाठी होती. जून २०२१ च्या पर्यटन कर्जहमी योजनेचा लाभ मान्यताप्राप्त सहल आयोजक आणि नोंदणीकृत मार्गदर्शकांना होता. राज्याने आदरातिथ्य व्यवसायाला उद्योगाचा दर्जा दिला, त्याचा रोख वर्गीकृत हॉटेलांकडे होता. पेठेतील खोलीमालक यांपैकी कशातच सहज बसत नव्हता. तो ना उद्योजक, ना हॉटेलमालक. शासनाच्या लेखी तो केवळ घरमालक होता.

याचे एक कारण नोंदणीचा अभाव हेही आहे. केंद्राच्या 'अतुल्य भारत' निवास व न्याहारी योजनेत मालक स्वतः राहत असलेल्या घरातील एक ते सहा खोल्यांना मान्यता मिळते. राज्य पर्यटन विभागाचीही अशी योजना आहे. परंतु नोंदणी केल्यास कर वाढेल, या धास्तीने अनेकजण लांब राहतात. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. १९७० पासूनची ही सवलत मध्यंतरी बंद झाली होती आणि २०२३ मध्ये राज्य शासनाने ती पुन्हा लागू केली. जागा भाड्याने दिल्याचे दाखविल्यास ती जाईल, ही भीती निराधार नाही. मात्र कराच्या वेळी अदृश्य राहणारा व्यवसाय मदतीच्या वेळीही अदृश्यच राहतो, हा महासाथीने दिलेला धडा आहे.

पेठेच्या आठवणीतील आधीच्या साथी

साथ आणि घर यांचा संघर्ष या पेठांना नवा नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीने सैनिकांकरवी घरांच्या झडत्या घेतल्या, सामान जाळले आणि संशयितांना छावण्यांत हलविले. असंख्य कुटुंबे गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहिली. त्या वेळी घर रिकामे होत असे ते राहणाऱ्यांच्या पळापळीमुळे. २०२० मध्ये लागू झालेला कायदा त्याच वर्षीचा होता. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यात गेला. तेव्हा शाळा, चित्रपटगृहे काही दिवस बंद राहिली. पण २३ ऑगस्टला गणेशोत्सव सुरू झाला आणि व्यवहार फार काळ थांबले नाहीत. कदाचित या अनुभवामुळेच मार्च २०२० मध्ये पंधरवड्यात सारे सुरळीत होईल, असा अनेकांचा अंदाज होता.

कायदा काय सांगतो?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५६ नुसार करारातील कृत्य नंतर अशक्य किंवा बेकायदा झाल्यास तो करार शून्य होतो. कलम ६५ नुसार अशा करारापोटी घेतलेला लाभ परत करावा लागतो. शासनाच्या आदेशाने खोली देणेच बंद झाले असेल, तर आगाऊ रक्कम परत मागण्याचा पाहुण्याचा दावा त्यामुळे भक्कम ठरतो. मात्र खोली खुली असताना पाहुण्याने केवळ भीतीपोटी येणे टाळले, तर त्याला हे कलम सहजासहजी लागू होत नाही. तेथे ठरलेली अटच महत्त्वाची. दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये रामानंद विरुद्ध गिरीश सोनी या प्रकरणात, केवळ टाळेबंदीमुळे भाडे स्थगित होत नाही, असे स्पष्ट केले. म्हणजेच चार रात्रींचा पाहुणा आणि जागेचा ताबा असलेला भाडेकरू यांना एकच मापदंड लागत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडे किंवा परवाना करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदविलेला नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तोंडी बोलीवर खाट देणाऱ्या मालकांची बाजू २०२० मध्ये लंगडी पडली ती यामुळेच.

त्यानंतरचे बदल

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्याआधी, ३१ मे २०२२ पासून एअरबीएनबीने करोनाच्या आजारपणासाठी दिलेले परताव्याचे संरक्षण काढून घेतले. जून २०२४ पासून तिचे धोरण नव्या नावाने लागू झाले. त्यात घोषित साथी व आरोग्य आणीबाणी यांचा समावेश आहे, करोनाचा मात्र नाही. याचा अर्थ असा, की उद्या नवी साथ जाहीर झाली तर यजमानाची अट पुन्हा बाजूला सारली जाऊ शकते.

कराचे चित्रही बदलले आहे. रोज एक हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला असलेली वस्तू व सेवा कराची सूट १८ जुलै २०२२ पासून संपली. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला पाच टक्के दर आहे. नोंदणीची गरज नसलेल्या छोट्या यजमानाचा हा कर संकेतस्थळानेच भरायचा असतो. कसबा पेठ मेट्रो स्थानक २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाल्याने पेठेत येणे सोपे झाले आहे.

महासाथीतून तगलेल्या व्यवहारांकडे पाहता काही गोष्टी ठळकपणे जाणवतात. एकाच प्रकारच्या पाहुण्यावर विसंबणाऱ्यांना सर्वाधिक फटका बसला. पर्यटकांअभावी तीच खोली मासिक भाड्याने देण्याची तयारी असणाऱ्यांना थोडाफार आधार राहिला. आगाऊ रक्कम मुक्काम होईपर्यंत खर्च न करणे, शासकीय आदेशाने मुक्काम अशक्य झाल्यास परतावा किती आणि किती दिवसांत हे लिहून ठेवणे, विद्यार्थी गावी गेल्यास सामान ठेवण्याचे शुल्क आधीच ठरविणे आणि करार नोंदविणे, या साध्या गोष्टींनी अनेक वाद टळले असते. पाहुण्याच्या दृष्टीनेही पूर्ण परताव्याऐवजी तारीख बदलून घेण्याचा पर्याय अशा वेळी विचारात घेण्याजोगा असतो; कारण ज्या घरात पुन्हा उतरायचे आहे, ते घर टिकणेही त्याच्या सोयीचेच असते.